ली देलुन यांच्या नावाने फिरणारी भाकडकथा

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या ‘छडीचा चमत्कार’ नावाचा एक मजकूर फिरतोय. सारांश असा: १९७९ पर्यंत चीनमध्ये कुणी पाश्चात्य संगीताचा सूरही ऐकला नव्हता. ली देलुन नावाच्या शेतकऱ्याच्या पोराने व्हायोलिन वाजवलं म्हणून त्याला चौदा महिने जिन्याखाली कोंडलं. मग अमेरिकेहून नामवंत व्हायोलिनवादक आयझॅक स्टर्न आले, त्यांनी त्याच्या हातात कंडक्टरची, म्हणजे वाद्यवृंदाला इशाऱ्यांनी चालवणाऱ्याची, छडी दिली आणि चीनचा पहिला वाद्यवृंद जन्माला आला. एवढ्यावर भागलं नाही म्हणून शेवटी तिरंगा लावून: ‘ही विद्या चीनला खरी दिली ती आपल्या मुंबईच्या कंडक्टर झुबिन मेहतांनी!’ स्टर्ननी की मेहतांनी, ते तरी आधी ठरवायचं.

एरवी मी असल्या गोष्टी वाचून सोडून देते. पण माझी भाची व्हायोलिन शिकते, तिने हे शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी पाठ करायला घेतलंय आणि तिचे आजोबा ‘किती प्रेरणादायी!’ म्हणत ते जमेल तिथे ढकलतायत. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

शेतकऱ्याचं पोर वगैरे आधी निकालात काढू. ली १९१७ साली बीजिंगमध्ये जन्मले, विद्यापीठात गेले आणि मग शांघायच्या संगीत महाविद्यालयात चेलो शिकले. व्हायोलिन नव्हे, चेलो, त्याच घराण्यातलं मोठं वाद्य. १९४६ मध्ये ते येनानला कम्युनिस्टांच्या तळावर गेले आणि तिथल्या वाद्यवृंदातल्या नवशिक्या पोरापोरींना त्यांनी तयार केलं. १९५३ ते ५७ मॉस्कोत निकोलाय अनोसोव यांच्या हाताखाली कंडक्टिंगचं रीतसर शिक्षण घेतलं. परतल्यावर बीजिंगच्या सेंट्रल फिलहार्मोनिकची धुरा घेतली. हा वाद्यवृंद १९५६ मध्ये स्थापन झाला होता. स्टर्न येण्याच्या तेवीस वर्षं आधी!

आता ‘एक सूरही ऐकला नव्हता’ या वाक्याकडे येते, कारण सगळ्यात संताप त्याचाच आहे. शांघायच्या वाद्यवृंदाचं मूळ १८७९ सालातलं. मारिओ पाची नावाच्या इटालियन माणसाने १९१९ ते १९४२ तो चालवला, नावारूपाला आणला. १९५९ मध्ये चिनी क्रांतीच्या दहाव्या वाढदिवसाला चिनी वादकांनी आणि गायकांनी जर्मन संगीतकार बीथोव्हनची नववी सिंफनी (वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) सादर केली, कंडक्टर यान लियांगकुन. आणि चीनमध्ये हे संगीत कुणाला ठाऊकच नव्हतं, तर सांस्कृतिक क्रांतीत, म्हणजे माओने १९६६ पासून जुन्या आणि परदेशी संस्कृतीविरुद्ध चालवलेल्या मोहिमेत, त्यापायी हाल झाले ते कुणाचे? लू होंगएन शांघाय सिंफनी वाद्यवृंदाचे कंडक्टर होते. २७ एप्रिल १९६८ ला त्यांना प्रतिक्रांतिकारक ठरवून गोळ्या घातल्या. ‘कुणी ऐकलंच नव्हतं’ म्हणणारा या माणसाला पुसूनच टाकतो.

१९७३ चा प्रसंग तर कुणीही वाचावा असा आहे. शीला मेल्विन आणि जिंदोंग त्साय यांनी चीनमधल्या पाश्चात्य संगीतावर २००४ मध्ये एक जाडजूड पुस्तक काढलं. त्साय स्वतः कंडक्टर. या विषयावर बोलण्याआधी निदान तेवढं चाळावं. १९७३ च्या सप्टेंबरात अमेरिकेचा फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा बीजिंगला आला. माओच्या पत्नी चियांग चिंग यांना बीथोव्हनची सहावी सिंफनी हवी होती. पाचवीत नियतीचा विषय, तो चालणार नव्हता. अमेरिकन कंडक्टर ऑर्मंडी यांना सहावी आवडायची नाही, आणि तिच्या स्वरलिपीची पानंही त्यांनी बरोबर आणलेली नव्हती. मग ती चीनमध्येच शोधून जमवली. बीथोव्हनच्या सिंफनीची पानं हुडकून सापडतात, त्या देशात बीथोव्हन माहीत नव्हता? त्याच दौऱ्यात पाहुणे ली यांच्या वाद्यवृंदाच्या तालमीला गेले. तिथे ली पाचवीच वाजवून घेत होते. पहिला भाग झाल्यावर त्यांनी छडी ऑर्मंडींच्या हातात दिली आणि दुसरा भाग ऑर्मंडींनी घेतला. म्हणजे छडी दिलीच असेल तर ती चिनी हातातून अमेरिकन हातात.

जिन्याखालची खोली खरी आहे, माणूस चुकीचा. चौदा महिने कोंडलं होतं ते शांघायचे व्हायोलिनवादक तान शूचेन यांना. १९२७ साली पाचींच्या वाद्यवृंदात शिरलेले ते पहिले चिनी. स्टर्न यांच्या दौऱ्यावर निघालेल्या, पुढे ऑस्कर मिळालेल्या माहितीपटात ते स्वतः ही हकिकत सांगतात, आणि ली त्याच माहितीपटात स्टर्नबरोबर दिसतात. कुणीतरी दोन म्हाताऱ्यांचा एक करून टाकला.

ली मात्र हुतात्मा नव्हते. ते पक्षाचे माणूस, आणि चियांग चिंग यांच्या काळात ‘पीत नदी’ पियानो कॉन्चेर्टोसारख्या (पियानो आणि वाद्यवृंदाची रचना) मान्यताप्राप्त कृती कंडक्टर म्हणून त्यांनी सादर केल्या. ही गोष्ट अवघड आहे, वक्तृत्व स्पर्धेत बसत नाही, म्हणूनच फॉरवर्डवाल्यांनी ती टाळली असावी.

बरं, थोडं मान्य करते. १९६६ नंतर परदेशी संगीताचे जाहीर कार्यक्रम जवळजवळ थांबले होते, हे खरं. माओच्या मृत्यूनंतर मार्च १९७७ मध्ये बीथोव्हनच्या दीडशेव्या पुण्यतिथीला ली यांनी पाचवी सादर केली, तेव्हा लोकांना बंद दार उघडल्यासारखं वाटलं. आणि १९७९ च्या तालमीत मोझार्टचं संगीत कसं श्वास घेतं हे स्टर्ननी गाऊन दाखवलं, हेही खरं. इतकी वर्षं तोडलेल्या वादकांना ते हवंच होतं. पण पाहुण्या कलाकाराने तालमीत सुचवणं म्हणजे कंडक्टर घडवणं नव्हे. १९९९ मध्ये स्टर्न पुन्हा बीजिंगला आले तेव्हा ब्याऐंशी वर्षांच्या ली यांनी व्हीलचेअरवर बसून त्यांच्याबरोबर मोझार्ट केला, दोन बरोबरीच्या माणसांसारखा. २००१ मध्ये दोघेही महिन्याभराच्या अंतराने गेले.

राहता राहिले मेहता. त्यांचा जन्म १९३६ चा. ली येनानमध्ये वाद्यवृंद बसवत होते तेव्हा झुबिन दहा वर्षांचे होते. १९९८ मध्ये बीजिंगच्या राजवाड्याच्या आवारात त्यांनी ‘तुरांदो’ ऑपेरा केला, जरूर अभिमान बाळगा. पण मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा पूर्णवेळ व्यावसायिक सिंफनी वाद्यवृंद उभा राहिला तो २००६ साली, आणि त्यातले बरेच वादक अजूनही बाहेरून आणावे लागतात.