मिर्झा : शहजाद्यांचा किताब, मुनशींचं नाव

'मिर्झा' आडनाव कानावर आलं की आपल्याकडे लोक दोन गोष्टी ठरवून मोकळे होतात. माणूस मुसलमान, आणि त्यातही मुघलांच्या रक्ताचा. आडनावावरून रक्त जोखायची ही खोड मला मनापासून खटकते, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

निदान महाराष्ट्रात तरी ही गल्लत व्हायला नको. 'मिर्झाराजे' म्हटलं की शाळकरी पोरालाही पुरंदरचा तह आठवतो. १६६५ साली शिवाजी महाराजांकडून २३ किल्ले लिहून घेणारे जयसिंग हे आमेरचे कच्छवाह राजपूत. मुघल दरबाराचा किताब त्यांना असा काही चिकटला, की आपण जयसिंग हे नाव घेतलं नाही तरी चालतं.

मूळ रूप 'अमीरजादा', म्हणजे अमीराचा मुलगा. बोलता बोलता त्याचा मिर्झा झाला. मुघलांचा पूर्वज तैमूर, त्याच्या घराण्यातले शहजादे तो नावाच्या शेवटी लावत. बाबरचे वडील उमर शेख मिर्झा. बाबरची मुलं कामरान मिर्झा, अस्करी मिर्झा, हिंदाल मिर्झा. इथपर्यंत खानदानाचा हिशोब बरोबर आहे.

पण इराणात हाच किताब नावाच्या आधी आला की माणूस बदलायचा. काजार राजवटीत रशियाशी लढलेला युवराज तो अब्बास मिर्झा. 'मिर्झा अब्बास' म्हटलं असतं तर तो एखादा मुनशी ठरला असता. नावाआधी मिर्झा म्हणजे लिहितावाचता येणारा, दफ्तर सांभाळणारा माणूस. त्याला राजाच्या पोटी जन्मावं लागत नव्हतं, हात लिहिता असावा लागायचा.

मिर्झा तकी खानचंच बघा. त्याचा बाप एका बड्या मंत्र्याच्या घरी आचारी होता. पोरगा त्याच घराच्या आश्रयानं शिकला, दफ्तरात शिरला आणि १८४८ साली थेट इराणचा वजीर झाला. 'अमीर कबीर' म्हणून आज तिथे त्याचं नाव आदरानं घेतात. तेहरानला दारुल्फुनून ही आधुनिक विद्याशाळा त्यानंच उभी केली. दरबारातल्या हितशत्रूंनी शहाचे कान भरले, आणि १८५२ च्या जानेवारीत काशानजवळच्या फिनच्या बागेतल्या हमामात शहाच्या हुकमानं त्याचा खून झाला. माझ्या लेखी मिर्झा या नावाचा खरा मान अशा माणसांनी वाढवला. शहजाद्यांना तो फुकट मिळाला होता.

आपल्या फडणीस, चिटणीस, पारसनीस या आडनावांतला 'नीस' म्हणजे फारसीतला 'नवीस', लिहिणारा. कुणा पूर्वजानं कधीतरी दफ्तर सांभाळलं आणि पुढच्या पिढ्यांना आडनाव मिळालं. आज एखादे चिटणीस हॉटेल चालवत असले तर आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. मग मिर्झांच्याच बाबतीत लगेच तैमूरचं समरकंद का गाठायचं?

नाव फिरलंही अफाट. कॉकेशसमध्ये रशियन धाटणीत त्याचं 'मिर्झोयेव' झालं, आर्मेनियातल्या ख्रिश्चनांमध्ये 'मिर्झोयान'. त्या देशाचे परराष्ट्रमंत्री अरारात मिर्झोयान. ताजिकांकडे 'मिर्झो'. बोस्नियात तर हे पाळण्यातलं नाव आहे. १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकमध्ये युगोस्लाव्हियाला बास्केटबॉलचं सुवर्णपदक मिळालं, त्या संघात मिर्झा देलिबाशिच होता. पंजाबच्या मिर्झा-साहिबां या प्रेमकथेतला मिर्झा खरल कुळातल्या जाटांचा. यातल्या कुणाचाही बाबरच्या घराशी संबंध लावायचं कारण नाही.

इराणनं १९२५ मध्ये कायद्यानं किताब बंद केले आणि प्रत्येकाला आडनाव सक्तीचं केलं. लोकांनी काय केलं असेल? किताब आडनावातच नेऊन बसवले. मिर्झाई, मिर्झाखानी. २०१४ साली गणितातलं फील्ड्स पदक पहिल्यांदा एका स्त्रीला मिळालं, ती तेहरानची मरियम मिर्झाखानी. घरी जमिनीवर मोठाले कागद पसरून त्यावर आकृत्या काढत ती वक्र पृष्ठभागांचा विचार करत बसायची. तिच्या आडनावात मिर्झाही आहे आणि खानही, पण तिचं गणित समजून घ्यायला या दोन्हींचा काडीचाही उपयोग नाही.