काहीच न वाहणाऱ्या नळ्या

गाडीच्या इंजिनात पेट्रोलचा पाइप असतो, पाण्याचा असतो, ऑइलचा असतो. यातला कुठलाही फुटला की जमिनीवर डाग पडतो, वास सुटतो, वाफ येते. तक्रारीला पुरावा असतो. व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिनाच्या ओढीने तयार होणाऱ्या पोकळीच्या, पाइपांचं तसं नाही. त्यांच्यातून मुळात काही वाहतच नाही. ते फाटले तर बाहेर थेंबही सांडत नाही, उलट बाहेरची हवा गुपचूप आत शिरते. आता हवा आत गेली म्हणून कोणाकडे जाऊन रडायचं?

माझी गाडी कार्बोरेटरच्या जमान्यातली. तिचं वय काढायचं नाही असं घरात ठरलेलं आहे. सिग्नलला उभी राहिली की ती थरथरायची, आचके द्यायची आणि नेमका हिरवा दिवा लागताना बंद पडायची. रस्त्याला लागली की मात्र एकदम शहाणी. त्यामुळे कुठल्याही मेकॅनिकने चक्कर मारून आणली की निकाल ठरलेला: "साहेब, गाडी ओके आहे. काही नाही झालेलं."

तो खोटं बोलत नव्हता. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाच्या हवेची झडप, उघडा असला की इंजिन इतकी हवा ओढतं की फाटक्या पाइपातून आलेली चिमूटभर हवा त्याच्या खिजगणतीतही नसते. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, थ्रॉटल जवळजवळ मिटलेला असतो, हवेचं रेशन मोजकं असतं. तिथे तीच चिमूट पेट्रोलचं प्रमाण बिघडवते आणि इंजिन धापा टाकायला लागतं. हे कळेपर्यंत एकाने प्लग बदलले, दुसऱ्याने पॉइंट, तिसऱ्याने कार्बोरेटर धुऊन वर स्क्रू पिळून आयडलिंग वाढवून दिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर संन्याशांची रांगच लागली होती.

शेवटी मीच बॉनेट उघडलं. चालू इंजिनातून कुठूनतरी 'स्स्स' येत होतं. कुठून, ते कळेना, कारण पंखा, पट्टा आणि टॅपेट यांचीही आपापली मतं सुरू होती. मग रबरी नळीचं एक टोक कानात घातलं आणि दुसरं, पंखा-पट्टा सांभाळत, डॉक्टरांच्या थाटात इंजिनाच्या छातीवरून फिरवायला लागलो. बायको गॅलरीतून बघत होती.

"अहो, काय म्हणतेय ती?"

"फुसफुसतेय."

"फुसफुसेल नाही तर काय! इतके दिवस लक्ष दिलंत का तिच्याकडे?"

तेवढ्यात शेजारचे काका आले. "अरे, कार्ब क्लीनर मार त्यावर. लीक असेल तिथे मारलास की इंजिनाचा आवाज बदलतो." युक्ती खरी आहे, पुष्कळ जण वापरतात. फक्त तो स्प्रे पेट घेतो आणि खालीच एक्झॉस्ट तापलेला असतो, एवढा तपशील काकांनी गाळला. सांगताना ते स्वतः मात्र चार पावलं मागे सरकले होते. मी पक्कडीच्या जबड्याला कापड गुंडाळलं आणि एकेक पाइप दाबून बघितला. जो दाबल्यावर इंजिन सावरेल तो गुन्हेगार. पाहतो तर बहुतेक सगळेच सामील.

रबराला उष्णता सोसत नाही, ऑइलची वाफ सोसत नाही आणि हवेतला ओझोन तर मुळीच नाही. त्यातही ओझोन ताणलेलं रबर आधी धरतो. पाइपाचं ताणलेलं टोक म्हणजे नेमकं निपलवर, जोडणीच्या बारक्या तोटीवर, चढवलेलं टोक. त्यामुळे मधला पाइप दिसायला तुकतुकीत आणि टोकाला भेगाच भेगा.

बरं, या पोकळीच्या भरवशावर काय काय चालतं! ठिणगीची वेळ पुढे सरकवणारा डिस्ट्रिब्यूटरचा ॲडव्हान्स, धुराचे व्हॉल्व्ह, पेट्रोलची वाफ साठवणारा डबा आणि मुख्य म्हणजे ब्रेक दाबताना पायाला जोर देणारा ब्रेक बूस्टर. पूर्वी काही गाड्यांचे वायपरही यावरच चालत. भर पावसात चढावर ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडायचा, ओढ संपायची आणि वायपर काचेच्या मध्यावर विश्रांती घ्यायचे. तोरिचेल्लीने 1643 साली पाऱ्याची नळी उलटी धरली, तेव्हापासून हवेचा दाब पाऱ्याच्या उंचीवर मोजतात. त्याच हिशोबाने धडधाकट इंजिन आयडलिंगला साधारण 17 ते 22 इंच ओढ दाखवतं. ही ओढ मोजणाऱ्या माझ्या गेजचा काटा 13 च्या आसपास थरथरत होता. काही नसण्यातही आमच्याकडे टंचाई.

बॉनेटच्या आतल्या बाजूला पाइपांचा नकाशा चिकटवलेला असतो. आमच्या नकाशातला महत्त्वाचा भाग उष्णतेने करपून गेला होता, उरलेल्या भागात 'पुढील बाजू' एवढं वाचता येत होतं. म्हणून एक पाइप काढायचा, त्याच जागी नवा बसवायचा, मगच दुसऱ्याला हात लावायचा. जुना पाइप ओढायचा नाही. टोकाला उभा छेद देऊन सोलायचा, कारण खालचं प्लास्टिकचं निपल पाइपाच्याच वयाचं असतं. तरी टी-जॉइंट नुसत्या स्पर्शाने गेला. इंजिनामागच्या पाइपापर्यंत तर ज्याच्या कोपराला दोन सांधे आहेत त्याचाच हात पोचेल. कोण्या अभियंत्याने तो आधी बसवला आणि नंतर त्याच्याभोवती गाडी बांधली असावी.

सोललेल्या एका पाइपात मण्याएवढा तुकडा सापडला. कचरा नव्हे, हवा हळूहळू ओढली जावी म्हणून बारीक भोकाचा अडसर मुद्दाम घातलेला असतो. तो जुन्या पाइपाबरोबर टाकला की नवे पाइप घालूनही गाडी रुसते. बूस्टरचा पाइप वेगळाच: जाड, अस्तराचा, ओढीने चपटा न होणारा. त्यातल्या एकमार्गी व्हॉल्व्हवर बाण असतो आणि तो इंजिनाकडेच हवा.

सगळं बसवून गाडी चालू केली तर काळा धूर! फाटक्या पाइपांना पुरून उरेल एवढं पेट्रोल त्या तिसऱ्या मेकॅनिकने सोडून ठेवलं होतं. आजार गेल्यावर ते औषध बाधू लागलं. स्क्रू मागे घेतले, काटा 19 वर जाऊन गप्प उभा राहिला.

उरली बूस्टरची परीक्षा. इंजिन बंद ठेवून ब्रेक टणक होईपर्यंत दाबत राहायचं, मग पाय तसाच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल थोडं खाली बसलं पाहिजे. मला गेज बघायचं होतं, म्हणून काकांना सीटवर बसवलं, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला. त्यांनी पेडल दाबून धरलं, चावी फिरवली.

"अरे, गेला! ब्रेक गेला!" काका दार उघडून बाहेर. गाडी जागची हललीही नव्हती.

"काका, खाली गेला म्हणजेच चांगला आहे."

"खाली गेला तर चांगला?"

"हो."

काका चार पावलं मागे सरकले. "मग आता कार्ब क्लीनर मारून बघ."