फ्रेंच राज्यक्रांतीवर बोलायचंय? वाचू मात्र नका!

व्याख्यानमालेचं आमंत्रण आलंय, विषय फ्रेंच राज्यक्रांती, आणि हाताशी एकच रात्र? अजिबात घाबरू नका. वाचन तर मुळीच करू नका. वाचलं की शंका येतात, शंका आल्या की आवाज खाली येतो, आणि आवाज खाली आला की मागच्या रांगेतले आजोबा चपला शोधायला लागतात. परवा आमच्या भागात एका नामवंत वक्त्यांनी हे तंत्र सव्वा तास करून दाखवलं. त्यांचीच शिदोरी तुम्हाला देतोय.

सुरुवात केकने करा. "पाव मिळत नाही? मग केक खा!" हे राणी मारी आंत्वानेतच्या तोंडी घाला आणि हशासाठी थांबा. फ्रेंच विचारवंत रूसोने हा किस्सा कुणा एका 'थोर राजकन्ये'च्या नावावर लिहिला, तेव्हा मारी व्हिएन्नात होती, जेमतेम दहा-अकरा वर्षांची पोर. पण असं काही सांगितलं की हशा मरतो.

ज्याच्या नावाने शिरच्छेदाचं यंत्र ओळखलं जातं, त्या डॉ. गिलोटिनचं मुंडकं त्या गिलोटिननेच उडवलं, असं बिनधास्त ठोकून द्या. (१८१४ साली तो आजारपणाने मेला. आजारपणाला टाळ्या पडत नाहीत.)

'स्वातंत्र्य, समता, बंधुता' ही त्रयी बाबासाहेबांनी तिथूनच उचलली, हेही दणकून सांगा. आपलं तत्त्वज्ञान फ्रेंच राज्यक्रांतीतून नव्हे, बुद्धाच्या शिकवणीतून आलं, असं त्यांनी १९५४ साली आकाशवाणीवर स्वतः बजावलं होतं. पण खुद्द बाबासाहेबांना विचारतंय कोण?

आता मुख्य प्रसंग. १४ जुलै १७८९, पॅरिसची तुरुंग-गढी बास्तीय पडली, राजेशाही संपली, टाळ्या! एका दमात उरका. कैदी हजारो होते म्हणा. सात होते आणि त्यातले चार खोट्या दस्तऐवजांच्या गुन्ह्यातले, हे नको. लोक तिथे मुळात बंदुकांसाठी दारू मिळवायला गेले होते, हेही नको. आणि त्यानंतर तीन वर्षं तोच राजा सोळावा लुई त्याच गादीवर होता, हे तर चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. जून १७९१ मध्ये तो वेश पालटून कुटुंबासकट पळाला, व्हारेनला पकडला गेला, पॅरिसला परत आणला गेला, तरी गादी शाबूत! ती गेली १० ऑगस्ट १७९२ ला. पॅरिसच्या वस्त्यांमधले सुतार, कारागीर, दुकानदार, आणि मार्सेयहून जवळजवळ महिनाभर पायपीट करत आलेले स्वयंसेवक त्विलरी राजवाड्यावर चालून गेले. राजेसाहेब सकाळीच बायकामुलांना घेऊन विधिमंडळाच्या आश्रयाला पळाले होते; मागे राहिलेले शेकडो स्विस रक्षक मात्र कापले गेले. अध्यक्षांच्या खुर्चीमागे वृत्तलेखकांची एक चिंचोळी खोली होती. त्यात राजा, राणी आणि पोरं दिवसभर कोंबलेली, आणि समोर याच राजाचे अधिकार काढून घ्यायचा ठराव होतोय! कुठल्याही वक्त्याला याहून सोन्यासारखा प्रसंग कुठे मिळणार? आमच्या वक्त्यांना तो ठाऊकच नव्हता. प्रश्नोत्तरांत मी १० ऑगस्टबद्दल विचारलं, तर म्हणाले, "तपशिलात शिरू नका, भावना समजून घ्या." वर सभागृहाने टाळ्या वाजवल्या. माझ्यावर!

तर हा शेवटचा हुकमी एक्का. तारीख विचारली की भावना काढा.

कसली भावना हो, वक्तेसाहेब? १७८८ ची गारपीट, बुडालेलं पीक, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतून कर्जात गेलेला खजिना आणि मजुराची निम्मी रोजी खाणारा एक पाव, यातलं काही माहीत नसताना तुम्हाला भावना कळली कशी? ५ ऑक्टोबर १७८९ ला बाजारात बसणाऱ्या बायका पावसात भिजत व्हर्सायला, राजाच्या महालावर गेल्या, वीसेक किलोमीटर, आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसात घेऊनच आल्या. त्या बायकांवर तुमच्या सव्वा तासात एक वाक्य नाही. केकवर मात्र पाच मिनिटं! लोक उपाशी होते हो. त्यांच्या भुकेचा तुम्ही चुटका केलात आणि वर मानधनाचं पाकीट, शाल, श्रीफळ घेऊन गेलात.

संयोजकांचंही काय सांगावं! कार्यक्रम ग्रंथालयात आणि इतिहासाच्या कपाटावर बॅनर टांगलेला. बॅनरवर वक्त्यांचा फोटो, हनुवटीवर बोट. विषयाची तयारी किती आहे, हे कुणीही त्यांना विचारलं नाही. चहा बिनसाखरेचा लागतो का, तेवढं विचारलं.

पुढच्या वर्षी रशियन राज्यक्रांतीवर येणार आहात म्हणे. चार दिवस आधी या, तो बॅनर बाजूला करा, कपाट उघडा आणि वाचा. जमणार नसेल तर येऊ नका.