तबकडीची खरवड

पावसाळ्यात आमच्या वेंगुर्ल्याकडे कशाला बुरशी येत नाही ते सांगा. चामड्याच्या पट्ट्याला येते, कपाटातल्या कोटाला येते, नीट बांधून ठेवलेल्या पोथीलाही येते. पण ताईच्या लग्नाच्या डीव्हीडीला बुरशी आल्याचं मी फोनवर सांगितलं, तेव्हा ताईने कल्याणहून असा सूर लावला की इकडे पडवीतला कुत्रा उठून बसला.

लग्न २००७ च्या मे महिन्यातलं. शूटिंगवाल्याने तीन डीव्हीडी दिल्या होत्या आणि कव्हरवर ताई-भावजींना कमळात बसवलं होतं. पहिलीत हळद, दुसरीत मुहूर्तापासून पाठवणीपर्यंत सगळं, तिसरीत सासरची पूजा. भांडण दुसरीचं होतं. ताईचं म्हणणं, पाठवणीच्या वेळी बाबा ढसाढसा रडले. बाबांचं म्हणणं, नाही. इतकी वर्षं झाली, दर गणपतीत आरतीनंतर हा खटला उभा राहतो आणि पुराव्याअभावी पुढे ढकलला जातो, कारण डीव्हीडी प्लेअर कधीच निकालात निघालाय.

"या चतुर्थीला सगळ्यांसमोर लावायचं," ताई म्हणाली. "तू कॉम्प्युटरवर काढून ठेव."

बाबा सुपारी कातरत होते. मान वर न करता म्हणाले, "कित्याक व्हया तां आता?"

पहिली डीव्हीडी गुणी निघाली, अर्ध्या तासात लॅपटॉपवर आली. तिसरी कपाटात नव्हतीच. ती दोन वर्षांपासून परसात पडवळाच्या मांडवाला टांगलेली आहे, वांदर घाबरावेत म्हणून. वांदर तिच्यात तोंड बघतात आणि पडवळ घेऊन जातात. ती काढून ड्राइव्हमध्ये घालून पाहिली. ड्राइव्ह म्हणाला, आत काहीच नाही. अशा घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती असते ती रंगाच्या एका पातळ थरात, आणि तो रंग उन्हाने मरतो. दोन वैशाखांत सत्यनारायण उडून गेले होते. परत टांगली.

राहिली दुसरी. बुरशी काढायला भांडी घासायचं लिक्विड दोन थेंब, कोमट पाणी आणि मऊ फडकं. पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ. गोल पुसलं आणि चरा पडला तर तो माहितीच्या रेघेच्या दिशेनेच जातो, आणि मग एका दमात बराच मजकूर जातो. आडव्या चऱ्याचं यंत्र निभावून नेतं. हे मी आईला समजावत होतो तोवर तिने माझ्या हातून डीव्हीडी घेऊन पोळपाटासारखी गोल पुसून दिली.

नेहमीसारखं कॉपी-पेस्ट केलं. सदतीस टक्क्यांवर ते बसलं ते बसलंच. मग लिनक्सची ती आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली. त्यात तबकडीची जशीच्या तशी नक्कल काढणारी 'डीडी' नावाची जुनी आज्ञा आहे, पण ती आमच्या तात्यांसारखी, पहिला अपमान झाला की पंगतीतून उठते. वाचता न येणारा पहिला सेक्टर, म्हणजे माहितीचा छोटासा कप्पा, आला आणि ती थांबली. मला तिची चुलत बहीण हवी होती, 'डीडीरेस्क्यू'. तिला सांगायचं: सेक्टर २०४८ बाइटचा, ड्राइव्ह हा, फाइल ही, आणि नकाशाची फाइल ही. शिवाय 'मायनस एन', म्हणजे पहिल्या फेरीत खरवडत बसू नकोस.

"खरवडता म्हणजे?" आईने बरोबर तोच शब्द पकडला.

आईला समजावणं सोपं गेलं. नारळ विळीवर धरला की आधी पांढरंशुभ्र खोबरं भराभर खोवून घेतो. करवंटीजवळचं चिकट राहतं, त्याच्या मागे लागलं तर हात दुखतो आणि रंगही तांबूस येतो. म्हणून ते शेवटी, गरज पडली तरच. डीडीरेस्क्यू तेच करते. वाचता येतं ते आधी पळवते, अडलेलं सोडून पुढे जाते, मग उलट्या दिशेने येऊन बघते आणि सगळ्यात शेवटी एकेक सेक्टर खरवडते. डीव्हीडीत असे तेवीसेक लाख सेक्टर.

"मगे खोबरा संपला की उठ," आई म्हणाली आणि गेली.

उठणार कसा? पडद्यावर 'उरलेला वेळ' दिसत होता. आधी चाळीस मिनिटं, मग सहा तास, मग नऊ दिवस. ड्राइव्ह मधूनच घरघरे, थबके, पुन्हा घरघरे. पलीकडच्या काकी डोकावून "बरो आसा मा तो?" असं दबक्या आवाजात विचारून गेल्या.

तेवढ्यात लाईट गेली. माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावापुरती, त्यामुळे लॅपटॉप गेला, त्याच्यावर जगणारा ड्राइव्हही गेला. पण नकाशाची फाइल हे कोकणातल्या माणसासाठीच कोणीतरी काढलेलं प्रकरण असावं. कुठपर्यंत वाचलं, कुठे अडलं, सगळं त्यात टिपलेलं. पोथीत मोरपीस ठेवावं तसं. लाईट आली की तीच आज्ञा पुन्हा द्यायची, ती मोरपिसापासून पुढे वाचते. त्या आठवड्यात आम्ही अकरा वेळा मोरपीस काढलं.

बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन दारात उभे राहायचे.

"गावला काय?"

"अजून नाही."

"बरा, बरा," म्हणून परसात जायचे. इतकी आस्था त्यांनी माझ्या बारावीच्या निकालातही दाखवली नव्हती.

पाचव्या दिवशी आकडा ९९.८७ टक्क्यांवर येऊन थांबला. फाइल उघडली. आत दोन फोल्डर, एक व्हिडिओचा, एक ऑडिओचा. ऑडिओचा रिकामा, चाकरमान्याच्या घरासारखा, पाटी आहे, माणूस नाही. तो तसाच असतो, आवाजही व्हिडिओच्याच फोल्डरात राहतो. व्हिडिओचे जेमतेम एकेक जीबीचे तुकडे होते. मंगलाष्टकं आली, पंगत आली, सोलकढीचा टोप घेऊन धावणारा तरुण मी आलो. हा पोरगा कोण, असं आईने विचारलं ते सोडून देऊ.

गेलं होतं ०.१३ टक्का, सहा एमबीच्या आसपास. डीव्हीडीच्या हिशेबात आठेक सेकंद. पण डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. लग्न लागतं मधल्या भोकाजवळ आणि पाठवणी होते अगदी कडेला, जिथे आपण बोटांनी धरतो, जिथून बुरशी आत शिरते.

ताई गाडीकडे निघाली. बाबा पुढे आले. खांद्यावरचा पंचा हातात घेतला, हात वर जायला लागला आणि बाबांचे चौकोन झाले. कपाळ एकीकडे, मिशी दुसरीकडे, पंचा हवेत. आठ सेकंद घरभर नुसते हिरवे-गुलाबी चौकोन. मग एकदम रिकामा रस्ता, गाडीचा धुरळा आणि पंचा खांद्यावर टाकलेले कोरडेठाक बाबा.

आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"मे म्हयनो तो," बाबा म्हणाले. "घाम पुसत होतंय."

मी हट्टाला पेटलो. रात्री 'मायनस एन' काढून टाकलं. आता खरवडच काढायची. 'मायनस आर तीन', म्हणजे अडलेल्या प्रत्येक सेक्टरला आणखी तीन वेळा विचार. करवंटीला भोक पडलं तरी चालेल. झोपताना आकडा ९९.९१ वर आला होता. आणखी थोडे सेक्टर सुटले असते तर एखादा पंचा, एखादं नाक हाती लागलं असतं.

सकाळी उठलो तर ड्राइव्हचा ट्रे उघडा होता, रिकामा. काळ्या खिडकीत आज्ञा मुकाट थांबलेली.

मागल्या दारातून बाहेर आलो. पाऊस उघडला होता. बाबा परसात शिडीवरून उतरत होते, हातात सुंभ. पडवळाच्या मांडवावर दोन तबकड्या गरगर फिरत होत्या.

"वांदर हल्ली खूप येतत," बाबा म्हणाले.