प्ले नटात आहे, आकड्यात नाही

जुन्या मिलिंग मशीनला सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं) करण्याबद्दलचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘जुने स्क्रू तसेच ठेवा, बॅकलॅश (स्क्रू आणि नटामधली ढिलाई, म्हणजेच प्ले) सॉफ्टवेअरमध्ये भरून द्या’ हे काही पटलं नाही. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं वर्कशॉप आहे. एचएमटीच्या जुन्या मिलिंग मशीनला सीएनसी करायचा उद्योग आम्हीही केलाय. डायल गेज लावून टेबल मागे-पुढे ढकललं, प्ले भरला ०.३५ मिमी. तेवढा आकडा कंट्रोलरला दिला, ड्रिलिंगची भोकं बरोबर जागेवर पडली, आम्ही खूश. मग क्लाइंब मिलिंग (कटर फिरतो त्याच दिशेने जॉब सरकवून कापणं) करायला गेलो तर कटरनेच टेबल खेचून घेतलं आणि एंड मिल, म्हणजे तो कटरच, कडकन तुटली. शिवाय स्क्रू मधोमध जास्त झिजलेला, टोकांना कमी. एकच आकडा सगळीकडे कसा चालणार? शेवटी ५ मिमी पिचचे बॉल स्क्रू (नटात गोळ्या असलेले, जवळजवळ प्ले नसलेले) बसवले.

एक गोष्ट लेखात राहिलीच. जुना स्क्रू लाइट गेली तरी जागचा हलत नाही, बॉल स्क्रू मात्र वजनाने उलटा फिरतो. आमचं नी (टेबल वर-खाली करणारा भाग) लाइट गेल्याबरोबर सरकन खाली आलं. नशीब, खाली कुणाचा हात नव्हता. चूक आमचीच. त्या अक्षाला ब्रेकवाली मोटर घ्याच, चार पैसे जास्त गेले तरी.

आणि मोटरी मागवण्याआधी स्लाइडला (टेबल सरकतं त्या पृष्ठभागाला) ब्लू, म्हणजे झीज दाखवणारा निळा रंग, लावून बघा. मधल्या झिजेला गिब (स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी) आवळली की टेबल टोकाला जाऊन अडकतं. आमच्याकडे स्क्रेपिंगला (स्लाइड हाताने खरवडून सपाट करायला) दांडिया बाजारातून एक काका स्कूटरवर यायचे, आता डोळ्यांमुळे बंद केलंय. तुमच्याकडे कोणी असेल तर कळवा.