गाडयेक घर ठावक आसा

बसा. सुरमई तळून येईपर्यंत तुम्हाला पिऊन गाडी चालवायचं शास्त्र सांगतो, कारण मुंबईहून पाहुणे येतात आणि आमच्या लोकांचा कॉन्फिडन्स बघून उगाच टेन्शन घेतात. शास्त्रातला पहिला मंत्र टेबलावरून उठताना म्हणायचा, "काय जाता नाय", म्हणजे काही होत नाही. चावी दोनदा खाली पडली तरी चालते, तिसऱ्यांदा वाकताना खुर्चीला धरायचं, मंत्र मात्र स्पष्ट आला पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता पाठ असणे. कसाल-मालवण रोड घ्या नाहीतर तुमच्या वाडीचा घ्या, शाळेत असल्यापासून सायकल मारली त्यावर, वळणं पाठ, साकव पाठ, खड्डे तर वडिलोपार्जितच आहेत. पाठ नसतं ते थोडंसंच. पावसात डांबर जरा कोरडं लागतं म्हणून रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली गुरं, टायर बसला म्हणून टेललाईटशिवाय उभा केलेला चिऱ्याचा ट्रक, आणि समोरून येणारा एक गृहस्थ, त्यालाही रस्ता पाठच आहे. 60 च्या स्पीडला गाडी सेकंदाला साधारण 16-17 मीटर जाते. दारूमुळे ब्रेकवर पाय अर्धा सेकंद जरी उशिरा गेला तरी 8 मीटर गेले, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या तीन म्हशी. पहिली दिसेपर्यंत तुम्ही तिसरीत असता.

आता "मी कमीच घेतली" हा विषय. कायदा म्हणतो 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल नको. आपल्या माणसाला 30 ऐकलं की बरं वाटतं, त्याला वाटतं 30 एमएलचा पेग, म्हणजे एक स्मॉल चालतो. तसं नाही हो. साठ-पासष्ट किलोचा माणूस आणि एक लार्ज, म्हणजे 60 एमएल, एवढ्यात काटा 30 च्या पुढे जाऊ शकतो. आणि क्वार्टर, म्हणजे 180 एमएल, मारली असेल तर लिव्हर काय रात्रपाळीला जास्त माणसं लावत नाही, ते आपल्या गतीने 100 मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं, सरकारी कामासारखं, ओळख काढून पण फाईल पुढे सरकत नाही. रात्री 12 ला क्वार्टर संपवलीत, झोपलात, आंघोळ केलीत, कपाळाला गंध लावलंत आणि सकाळी 6 ला बाजारात निघालात तरी अजून लिमिटच्या वर असण्याची शक्यता बरीच. गंधाने अजून कोणाची उतरलेली नाही.

मग उपाय? उपाय भरपूर आहेत. वेलची, बडीशेप, पेरूचं पान, सोलकढीचे दोन ग्लास, आणि ज्याला ह्यातल्या कशावरच भरवसा नाही तो काळी कॉफी पितो, म्हणजे आता झिंगलेला पण जागा माणूस तयार होतो. आमच्या एका मित्राने नाकाबंदी दिसल्यावर अख्खी कोथिंबिरीची जुडी चावली होती, मार्केटमधून आणली होती बिचाऱ्याने वहिनींसाठी. हवालदाराने नळी तोंडात दिली, "फुंका, जोरात". मशीनला तोंडाच्या वासाशी काय घेणंदेणं नसतं, रक्तातली दारू फुफ्फुसातून जी हवेबरोबर बाहेर येते ती ते मोजतं. आकडा आला, आणि दातात कोथिंबीर अडकलेला फोटो कोणीतरी काढला तो वेगळाच.

फुंकायला नकार द्यायचा हा सल्ला पण तुम्हाला टेबलावर कोणीतरी देईलच, त्याचा मामा कोर्टात कामाला असतो. जरूर द्या नकार. तुम्ही कारण नसताना नकार दिलात हेच मग तुमच्याविरुद्ध धरलं जाऊ शकतं, शिवाय पोलीस वॉरंटशिवाय अटक करून रक्त तपासायला सरकारी दवाखान्यात नेऊ शकतात. तिथे ड्युटीवर नेमकी तुमच्याच गावातली नर्स असते, पहाटेपर्यंत बातमी तुमच्या आधी घरी पोचते. आणि साहेब इथेच पावती फाडा म्हणून खिशात हात घालू नका. हे हेल्मेटचं प्रकरण नाही, कोर्टात उभं राहायचं. मोटार वाहन कायदा 1988, कलम 185, पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 दंड किंवा दोन्ही, परत सापडलात तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 दंड किंवा दोन्ही. लायसन सस्पेंड होऊ शकतं ते वरून. गाडी ठोकलीत तर इन्शुरन्सवाला तुमच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला मोकळा. आणि माणूस मेला तर मग आकडे वेगळे, भारतीय न्याय संहितेत निष्काळजीपणाने मृत्यूला 5 वर्षांपर्यंत आहे, केस सदोष मनुष्यवधाची झाली तर त्याहून पुढे.

काही हुशार मंडळी म्हणतात माझ्याकडे लाईफटाईम परमिट आहे. छान. ते पिण्याचं आहे हो. पिण्याचा परवाना आणि गाडीचा परवाना एकाच पाकिटात ठेवले म्हणजे दोघांचं लग्न लागत नाही. आणि बांद्याच्या पुढे गेलं की कायदाच वेगळा अशी जी समजूत आहे ना, तर पत्रादेवीच्या पलीकडे गोव्यात फक्त दारू स्वस्त होते, कलम 185 केंद्राचं आहे, ते तिकडेही 30 च.

मित्राबद्दल राहिलंच. "अरे सोड, तो नीट जाईल" म्हणून चावी हातात देणारा जो असतो, त्याच कायद्यात 188 कलम त्याच्यासाठी आहे, मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा. म्हणजे चखणा तुम्ही खाल्लात, हॉटेलचं बिल त्याने दिलं आणि खरं बिल दोघांत.

पण सगळ्यात आवडतं वाक्य आमच्याकडचं हेच, गाडयेक घर ठावक आसा, म्हणजे गाडीला घर माहीत आहे. हे वाक्य खोटं नाही बरं का. माझे आजोबा बाजाराहून येताना माडी पिऊन बैलगाडीत आडवे व्हायचे आणि बैल त्यांना वाडीत आणून सोडायचे, गडग्याजवळ गाडी थांबली की आजी कंदील घेऊन बाहेर यायची, आधी बैलांना पाणी, मग आजोबांना शिव्या. बैल प्यायलेले नसायचे, एवढाच तपशील पुढच्या पिढीपर्यंत पोचला नाही.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या शेजारचा भाऊ रात्री येताना "माका रस्तो पाठ आसा" म्हणून निघाला. पहाटे दूधवाल्याला स्कूटर साकवाखाली व्हाळात आडवी दिसली, भाऊ पलीकडे कातळावर कण्हत होता, मांडीत आता रॉड आहे. आम्ही दोरी घेऊन खाली उतरलो तेव्हा स्कूटरचा उजवा इंडिकेटर अजून टिकटिक करत होता. भाऊचं घर उजवीकडेच आहे.