‘रेउनियोन’, ‘मुई दिफिसिल’ आणि एका शब्दाला एकच शब्द: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. स्पॅनिश चढाई-वर्णनं इंग्रजीत कशी आणावीत, यावरच्या लेखाबद्दल तुम्ही चार आक्षेप घेतले आहेत. एकाच स्पॅनिश शब्दाला दोन-तीन इंग्रजी शब्द दिल्यामुळे शब्दसूची निरुपयोगी झाली. काही शब्द स्पॅनिशमध्येच ठेवणं हा आळस आहे. चढाईच्या श्रेणी इंग्रजी वाचकाच्या पद्धतीत बदलायला हव्या होत्या. आणि ‘क्वेर्दा दोब्ले’साठी दिलेलं ‘डबल रोप’ चुकीचं आहे.

शेवटचा आक्षेप आधी घेतो, कारण तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे. त्या दोराचं इंग्रजी नाव ‘हाफ रोप’. दोराच्या टोकावरच्या पट्टीवर वर्तुळात ½ छापलेलं असतं. ‘खेमेला’ म्हणजे ‘ट्विन’, त्याची खूण एकमेकांत अडकलेली दोन वर्तुळं. हाफ रोपच्या जोडीतला एक दोर एका आधारात (पडणं रोखण्यासाठी खडकात लावलेल्या वस्तूत) आणि दुसरा पुढच्या आधारात अडकवता येतो, ट्विनचे दोन्ही दोर मात्र प्रत्येक आधारात एकत्रच घालायचे. ‘डबल रोप’ म्हटलं की यातला नेमका कुठला दोर ते कळत नाही. त्यात स्पॅनिशमध्ये ‘एन दोब्ले’ म्हणजे एकच दोर दुमडून वापरणं, ते आणखी तिसरंच. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘रेउनियोन’, म्हणजे चढताना थांबून स्वतःला खडकाशी बांधून घेण्याची जागा. शब्दकोशातला अर्थ ‘बैठक’, तो सोडून देऊ. तुमचं म्हणणं, ‘अँकर’ हा एकच शब्द ठरवा आणि सगळीकडे तोच वापरा. कायद्याच्या किंवा यंत्राच्या मजकुरात मीही तेच केलं असतं. पण स्पॅनिश चढणारे या शब्दात जागा आणि बांधणी दोन्ही एकत्र बोलतात. ‘मोंतार रेउनियोन’ म्हणजे आधार जोडून अँकर बांधणं, तिथे तुमचा शब्द चपखल बसतो. ‘रेउनियोन एन रेपिसा’ म्हणजे पायरीवर उभं राहून बिले द्यायची, म्हणजे चढणाऱ्या जोडीदाराचा दोर सांभाळायची जागा, तिथे इंग्रजीत ‘बिले’ किंवा ‘स्टान्स’. ‘रेउनियोन कोल्गादा’ म्हणजे पाय ठेवायला जागा नाही, हार्नेसमध्ये, म्हणजे कमरेच्या पट्ट्यात, लटकूनच बिले द्यायचा: ‘हँगिंग बिले’. आणि उतरण्याच्या वाटेवरची रेउनियोन म्हणजे रॅपल स्टेशन, जिथून दोरावरून खाली उतरतात. ‘अँकर ऑन अ लेज’ असं लिहिलं, तर वाचक तिथे दोन बोल्ट आणि साखळी शोधत बसेल. मूळ लेखकाला कदाचित एवढंच सांगायचं होतं की इथे उभं राहता येतं, आधार तुमचे तुम्ही लावा.

‘सेगुरो’चंही तसंच. ‘लार्गो’मध्ये, म्हणजे एका पिचमध्ये (दोन रेउनियोनमधल्या टप्प्यात), चार सेगुरोस आहेत याचा अर्थ चार ठिकाणी दोर अडकवता येईल असे आधार आहेत. पण ‘मोस्केतोन दे सेगुरो’ हा लॉक होणारा कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी), आणि साध्या बोलण्यात सेगुरो म्हणजे विमा. ‘ग्रिएता’ हिमनदीवर असेल तर क्रेव्हास, म्हणजे हिमभेग. कातळातल्या भेगेला बहुधा ‘फिसुरा’ म्हणतात, तिचं इंग्रजी ‘क्रॅक’. वर्णन बर्फाचं की खडकाचं हे आधी न पाहता शब्द ठरवला, तर हिमनदीवर चालणाऱ्याला ‘क्रॅक’ वाचायला मिळतो.

काही शब्द साधे दिसतात आणि फसवतात. ‘रेसेन्या’ म्हणजे पुस्तक-परीक्षण नव्हे, मार्गाचं वर्णन. ‘ओरारियो: 6 तास’ हे वेळापत्रक नव्हे, लागणारा वेळ. ‘व्हिया एकिपादा’ म्हणजे मार्गावर बोल्ट आधीच मारलेले आहेत. त्याचं ‘इक्विप्ड रूट’ केलं की इंग्रजी वाचक गोंधळतो, ‘बोल्टेड’ हवं. ‘एस्कालादा लिब्रे’चं ‘फ्री सोलो’ करणं ही तर बातम्यांतली नेहमीची चूक. लिब्रे म्हणजे ‘फ्री क्लाइंबिंग’: वर सरकायला फक्त हात-पाय, पण पडलात तर झेलायला दोर आहेच. दोराशिवाय चढणं म्हणजे ‘सोलो इंतेग्राल’. नुसतं ‘एन सोलितारियो’ म्हणजे एकट्याने, आणि त्यात स्वतःच स्वतःला बिले देणारा दोरवालाही येतो.

माझं आवडतं उदाहरण ‘ड्युल्फर’ (हो, हे जरा विषयांतर आहे). स्पॅनिशमध्ये ‘एन ड्युल्फर’ म्हणजे भेगेची कड हातांनी ओढत, पाय समोरच्या भिंतीवर रेटत चढणं, इंग्रजीत ‘लेबॅक’. इंग्रजीत मात्र ‘ड्युल्फर’ म्हटलं की ‘ड्युल्फरझिट्झ’ आठवतो, म्हणजे दोर अंगाभोवती घेऊन उतरण्याची जुनी पद्धत. नाव एकाच जर्मन गिर्यारोहकाचं, पण एका भाषेत माणूस वर जातोय आणि दुसरीत खाली.

न भाषांतरलेल्या शब्दांबद्दल. सामान्यनाम आणि विशेषनाम यांत मी फरक करतो. ‘आकार्रेओ’ म्हणजे घसारा, इंग्रजीत ‘स्क्री’. हे भाषांतर करायलाच हवं. पण अर्जेंटिनातल्या अकोंकाग्वा शिखरावरचा ‘ग्रान आकार्रेओ’ किंवा शिखराखालची ‘कानालेता’ ही घळ, ही जागांची नावं आहेत. नकाशावर, वाटाड्यांच्या तोंडी आणि बचावपथकाच्या वायरलेसवर तीच चालतात. तिथे ‘ग्रेट स्क्री’ लिहून मदत मागणाऱ्याची अडचण होईल. नाव तसंच ठेवावं आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्यावा. ‘पेनितेंतेस’ हे बर्फाचे उभे सुळके तर इंग्रजीतही त्याच नावाने ओळखले जातात. उलट ‘पुना’ मी कधीच तसं ठेवत नाही. अर्जेंटिना-चिलीत तो उंचीचा त्रास, पेरू-बोलिव्हियात त्यालाच ‘सोरोचे’ म्हणतात, आणि शिवाय पुना हे तिथल्या उंच पठाराचंही नाव आहे. ‘लक्षणं: पुना’ वाचून इंग्रजी वाचकाला काही बोध होणार नाही.

श्रेणी बदलायच्या नाहीत यावर मी ठाम आहे, आणि त्याचं कारण म्हणजे ‘मुई दिफिसिल’. स्पॅनिश आल्पाइन श्रेणीतला ‘एमडी’ म्हणजे लांब, सतत कठीण, गंभीर मार्ग. शब्दशः ‘व्हेरी डिफिकल्ट’ केलं तर ब्रिटिश वाचकाला ती नवशिक्यांची श्रेणी वाटेल, कारण त्यांच्या जुन्या पद्धतीत ‘व्हेरी डिफिकल्ट’ ही अगदी खालच्या पायऱ्यांतली एक आहे. इथे योग्य अक्षरं फ्रेंच ‘टीडी’, कारण इंग्रजी मार्गदर्शिका आल्पाइन मार्गांना फ्रेंच अक्षरंच वापरतात. स्पॅनिश ‘बीडी’, म्हणजे ‘बास्तांते दिफिसिल’, त्याच हिशेबाने ‘एडी’. ही अक्षरांची अदलाबदल आहे, श्रेणी तीच राहते. खडकावरच्या आकड्यांत तर 6ए आणखी घातक. स्पेनमध्ये तो फ्रेंच पद्धतीचा, अमेरिकन 5.10च्या सुरुवातीच्या आसपास, पण ब्रिटिश तांत्रिक 6ए त्याहून बराच कठीण. म्हणून मूळ आकडा ठेवा, त्याआधी ‘फ्रेंच’ लिहा आणि तुलनेचा तक्ता पुस्तकाच्या शेवटी द्या.

तुमचा एकसारखेपणाचा आग्रह एका ठिकाणी मला पूर्ण मान्य आहे: ब्रिटिश की अमेरिकन इंग्रजी, हे सुरुवातीलाच ठरवून टाकावं. अ‍ॅबसेल की रॅपल, पेग की पिटॉन, कॉर्नर की डायहीड्रल, स्क्रूगेट की लॉकिंग कॅराबिनर (प्रत्येक जोडीत पहिला शब्द ब्रिटिश, दुसरा अमेरिकन). हाकाही त्यातच आल्या. पुढचा चढणारा स्वतःला बांधून घेऊन ‘रेउनियोन!’ ओरडतो, त्याचं ब्रिटिश ‘सेफ’, अमेरिकन ‘ऑफ बिले’. ‘पिएद्रा!’ म्हणजे ब्रिटिश ‘बिलो’, अमेरिकन ‘रॉक’. दोर ओढून घ्यायला सांगताना ‘स्लॅक’ शब्द वाक्यात कुठेही नको, कारण वाऱ्यात तेवढाच ऐकू गेला तर खालचा माणूस दोर सोडून देतो.

मीटर मात्र फुटांत बदलू नका. 32 मीटरचा रॅपल ‘सुमारे 100 फूट’ झाला, तर 60 मीटरचा दोर दुमडून वापरणारा टोकाला दोन मीटर कमी पडतो. उत्तर स्पेनमधल्या नारांखो दे बुल्नेस शिखराची उंची स्पॅनिशमध्ये 2.519 मीटर छापतात. तो पूर्णविराम तसाच उतरवला तर शिखर अडीच मीटरचं होतं.

शब्दसूची तुम्हाला हवीच आहे, तर ती चार रकान्यांची करतो: स्पॅनिश शब्द, तो कुठे आला, ब्रिटिश आणि अमेरिकन. ‘रेउनियोन’ला त्यात चार ओळी लागतील, त्या कमी होणार नाहीत.